सातमाळा रेंज ट्रेकसाठी सॅक हलकी करायची, तर आधी पाण्याचा हिशेब मांडा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपले एक मित्र, दोघेही नाशिकचे, डिसेंबरच्या उत्तरार्धात नाशिक जिल्ह्यातील सातमाळा डोंगररांगेत अचला ते धोडप या किल्ल्यांदरम्यान चार दिवसांचा रेंज ट्रेक, म्हणजे रांगेवरून एकामागून एक किल्ले जोडत जाणारा ट्रेक, करणार आहात. मागील दोन दिवसांच्या ट्रेकला आपली सॅक सतरा किलोंची झाली होती आणि उतरणीवर गुडघे बोलू लागले. त्यानंतर अमेरिकेच्या डोंगरांत आठवडाभराचे सामान पाठीवर घेऊन फिरणाऱ्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ आपण पाहिले, त्यांच्या ग्रॅमवार याद्या उतरवून घेतल्या, आणि तशीच सामग्री घेतली तर सॅक दहा किलोंच्या आसपास येईल का, असे आपण विचारले आहे.

सॅक दहा किलोंपर्यंत येईल, परंतु त्यासाठी त्या याद्यांमधील बहुतेक खरेदीची गरज नाही. आपली अडचण सामग्रीच्या दर्जाची असल्यासारखी वाटते, पण आपण पाठवलेली यादी पाहिली तर ती मुख्यतः पाण्याची आणि मुक्कामांच्या आखणीची आहे. आपण चारही दिवसांचे जेवण पहिल्या दिवशीच पाठीवर घेता, पाणी कोठे मिळेल याची खात्री नसल्यामुळे सहा लिटर भरून ठेवता, आणि ते स्टीलच्या बाटल्यांत भरता. या तीन गोष्टींत मिळून जेवढे वजन वाचते, तेवढे महागडी स्लीपिंग बॅग घेऊनही वाचणार नाही.

प्रथम त्या परदेशी याद्यांविषयी. हे शिकारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रॉकी पर्वताच्या उंच भागात असतात, जेथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि अचानक बर्फही पडते. शिकार मिळाली तर एल्क नावाच्या एका मोठ्या हरणाचे हाडे काढलेले मांस शंभर किलोंच्या घरात जाऊ शकते, आणि ते अनेक खेपा करून पाठीवरून आणावे लागते. त्यामुळे त्यांच्या सॅकला भक्कम सांगाडा असतो आणि रिकामी सॅकच अडीच-तीन किलोंची असते. शिवाय दुर्बीण, तिचा तिपाई स्टँड, चालताना आवाज न करणारे कापड हे सर्व त्यांच्या कामाचे आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच मिटला आहे आणि आपल्या सॅकमध्ये परतीच्या वाटेवर वजन वाढत नाही, उलट ते दररोज घटत जाते. म्हणून ४० ते ४५ लिटरची, सव्वा किलोच्या आसपास वजनाची, कमरेला नीट पट्टा असलेली साधी सॅक आपल्याला पुरते. सॅक मोठी घेतली की ती भरली जातेच, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

मात्र त्यांच्या दोन सवयी आपण अवश्य घ्याव्यात. एक म्हणजे प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून तिचे वजन लिहून काढणे. दुसरी सवय अधिक मोलाची आहे. ते समोरच्या डोंगरावर जाण्याआधी अलीकडच्या धारेवर बसून तो उतार बराच वेळ न्याहाळतात. डोंगराची वाट त्याच्या पायथ्यापासून दिसत नाही, ती समोरच्या डोंगरावरून दिसते. आपण सप्तशृंगी गडावर असाल तेव्हा समोर मार्कंड्या किल्ला उभा असेल. तेथेच थांबून कोणत्या सोंडेवर वाट आहे, कोणती घळ कड्याखाली अडते आणि झाडी कोठे संपते, हे डोळ्यांनी टिपून घ्या. अर्धा तास असा घालवला, तर चुकलेल्या वाटेवर दोन तास आणि एक लिटर पाणी वाचते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ते हलके करण्याची कोणतीही युक्ती नाही. डिसेंबरमध्ये चालण्यासाठी, पिण्यासाठी आणि साध्या स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार ते पाच लिटर धरावे लागतात. फेब्रुवारीनंतर हा आकडा वाढतो आणि त्याच वेळी किल्ल्यांवरची पाण्याची टाकी आटू लागतात. पण पाच लिटर लागतात याचा अर्थ पाच लिटर सतत पाठीवर हवेत असा होत नाही. सकाळी निघण्यापूर्वी पोटभर, म्हणजे अर्धा-पाऊण लिटर पाणी पिऊन घ्यावे. दोन खात्रीच्या पाणवठ्यांमधील अंतर तासांत मोजावे, प्रत्येक तासाला साधारण अर्धा लिटर धरावा आणि त्यावर एक लिटर राखीव ठेवावा. चार तासांच्या टप्प्याला तीन लिटर पुरतात. जेथे मुक्कामाच्या जागी पाणी नाही, त्या एकाच संध्याकाळी पाच लिटर उचलावे लागतील, आणि तेही शेवटच्या पाणवठ्यापासून मुक्कामापर्यंतच.

या हिशेबासाठी पाणवठे माहीत असावे लागतात, आणि येथे बरेच काही त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून आहे. सातमाळ्यातील किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आहेत, परंतु टाके असणे आणि त्यातील पाणी पिण्याजोगे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काही टाक्यांत गाळ भरलेला असतो, काहींत शेवाळ असते. उघड्यावरच्या टाक्यापेक्षा कातळाच्या आत शिरलेले, सावलीतील टाके अधिक काळ टिकते आणि त्याचे पाणी स्वच्छ असते. धोडपवर डोंगराच्या कातळभिंतीलगत गुहा आणि टाकी आहेत, मार्कंड्यावर कमंडलू तीर्थ आहे. परंतु नकाशावर निळा ठिपका आहे म्हणून तेथे विसंबून जाऊ नये. निघण्याच्या आठवड्यात पायथ्याच्या गावातील माणसाला विचारावे, आणि विचारताना "वर पाणी आहे का?" असे न विचारता "आपण स्वतः तेथले पाणी कधी प्यायलात?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला पुष्कळदा सौजन्यापोटी होकार मिळतो. गुराख्याचे उत्तर मी सर्वांत विश्वासाचे मानतो, कारण त्याची जनावरे रोज त्याच पाण्यावर जातात.

टाक्यातील पाणी आधी सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळावे आणि मग क्लोरीनची गोळी टाकून गोळीच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबावे. पाणी गढूळ असेल तर गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून गाळण्याची पायरी वगळू नये. पाणी फार थंड असेल तर अधिक वेळ द्यावा. बाटल्यांविषयी तर मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एक लिटरची स्टीलची बाटली तीनशे ग्रॅमच्या पुढे जाते, तर दुकानात पाण्यासह मिळणारी प्लास्टिकची बाटली तीस ग्रॅमच्या आत असते. अशा तीन बाटल्या आणि संध्याकाळसाठी घडी होणारी दोन लिटरची एक पिशवी एवढे पुरे. बाटल्या मात्र परत खाली आणायच्या आहेत.

दुसरा मोठा फरक मुक्कामांच्या आखणीचा. रॉकीमधील शिकाऱ्याला आठवडाभर गाव भेटत नाही. आपल्या रांगेच्या मधोमध सप्तशृंगी गड आहे, जेथे भक्तनिवास, प्रसादालय, किराणा आणि चहा हे सर्व मिळते. नाशिकहून एसटीने वणीला, तेथून जीपने पिंपरी अचल्याला जाऊन आपण अचला आणि अहिवंत हे किल्ले केलेत, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गडावर पोहोचता. म्हणजे पाठीवर दोनच दिवसांचे जेवण हवे. गडावर एक रात्र छपराखाली झोपा, गरम जेवा, फोन चार्ज करा आणि पुढच्या दोन दिवसांचा शिधा तेथूनच घ्या. असे केल्याने स्वयंपूर्ण ट्रेकचा आनंद कमी होतो, असे काही मित्र म्हणतात. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो, पण गुडघे दुखत असताना पहिल्याच मोठ्या रेंज ट्रेकला तो हट्ट धरू नये, असे मला मनापासून वाटते.

जेवणाचे वजन ठरवताना पदार्थात पाणी किती आहे ते पाहावे. नाशिकला हे समजावणे सोपे आहे. शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांतून सुमारे सत्तर कॅलरी मिळतात, आणि तीच द्राक्षे वाळवून केलेल्या शंभर ग्रॅम बेदाण्यांतून सुमारे तीनशे. केळी, काकडी, उकडलेले बटाटे, अंडी, पाव ही आपल्या यादीतील मंडळी पहिल्या दिवसाच्या दुपारपुरती ठीक आहेत. त्यापुढे भाजलेले शेंगदाणे (शंभर ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरी), चिक्की, खजूर, गूळ, भाजलेले पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि तुपाची लहान डबी यांवर भर द्यावा. दशम्या दोन दिवस सहज टिकतात. दिवसाला माणशी सहाशे ते सातशे ग्रॅम कोरडे अन्न घेतले, तर अडीच ते तीन हजार कॅलरी होतात आणि आपल्या वेगाला त्या पुरतात. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी करायची असेल, तर डाळ-तांदूळ दुपारीच बाटलीत भिजत घालावेत, त्यामुळे बरेच इंधन वाचते. दोघांना मिळून एक लहान गॅस बर्नर, गॅसचा २३० ग्रॅमचा एक डबा आणि दीड लिटरचे एक झाकणाचे पातेले पुरते. चूल मांडू नये. डिसेंबरात धारेवरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि एक ठिणगी वणव्याला पुरते.

झोपण्याच्या बाबतीत आपला अडीच किलोंचा तंबू घरी ठेवा, एवढेच मी म्हणेन. गडावर छप्पर आहे, धोडपवर गुहा आहे, आणि पायथ्याच्या वाडीत विचारले तर मंदिराचा ओटा किंवा कोणाची ओसरी मिळते. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर अर्ध्या किलोची ताडपत्री दोघांत एक घ्यावी. थंडी मात्र हलकी समजू नये. निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खोलगटात साचते, त्यामुळे खळग्यात झोपण्यापेक्षा थोड्या उंचावर, वाऱ्याला आड असलेली जागा अधिक उबदार असते. पाच अंशांपर्यंत चालणारी, एक किलोच्या आसपास वजनाची स्लीपिंग बॅग आणि फोमची कॅरीमॅट पुरेशी आहे. कॅरीमॅट गाळून वजन वाचवू नका, कारण खालच्या कातळातून जेवढी थंडी लागते तेवढी वरून लागत नाही. नवी बॅग घेतल्यास ती आधी डिसेंबरच्या रात्री आपल्याच गच्चीवर अंथरून पाहावी.

कपड्यांत चालण्याचा एक जोड आणि झोपण्याचा एक कोरडा जोड, पातळ फ्लीस, वारा अडवणारे जॅकेट आणि कानटोपी पुरे होते. जीन्स आणि सुती टी-शर्ट नकोत, ते घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत आणि खिंडीतला वारा लागताच अंग गार पडते. पायांविषयी अधिक सांगायला हवे. या दिवसांत सातमाळ्यात गुडघाभर कुसळी गवत असते. कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि त्यावरचे बारीक केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते मोज्यात शिरले की प्रत्येक पावलागणिक आतच सरकत जाते. बाहेरून ओढले तर ते तुटते आणि टोक आत राहते. मोजा काढून उलटा करावा आणि टोकाकडून पुढे ओढून काढावे, म्हणजे ते अखंड निघते. गुळगुळीत नायलॉनची पँट आणि घोट्यावरचे कापडी गेटर घातले, तर हा त्रास बहुतांशी टळतो. गेटरचे वजन नगण्य असते आणि या रांगेत मी ते कधीही मागे ठेवत नाही. बूट नवे असतील तर ते किमान महिनाभर आधी वापरात आणावेत. सह्याद्रीच्या मुरमाड घसाऱ्यावर आणि कातळावर जड, उंच बुटांपेक्षा पकड चांगली असलेले हलके बूट उपयोगी पडतात. आपल्याकडील बरेच जुने ट्रेकर अॅक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज वापरतात, ते याच कारणाने.

दोरी घ्यावी का, हे आपल्या अनुभवावर अवलंबून आहे. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्यांनी या भागातील अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या, आणि म्हणूनच आज जेथे पायऱ्या असायला हव्यात तेथे कातळटप्पे लागतात. वीस मीटर, आठ मिलिमीटरची दोरी सुमारे आठशे ग्रॅम होते. ती सॅक वर ओढून घेण्यासाठी आणि अवघड जागी आधारासाठी आहे, तिच्या भरवशावर कातळारोहण करण्यासाठी नाही. आपल्यापैकी कोणालाही प्रस्तरारोहणाचे शिक्षण नसेल, तर रावळ्या-जवळ्याच्या माथ्यांचा आग्रह धरू नका किंवा गावातील माहीतगार सोबत घ्या. दोन्ही किल्ल्यांमधील पठारावरून रेंजची वाट पुढे जाते, माथे राहिले तरी ट्रेक अपुरा राहत नाही.

वजन कमी करण्याच्या उत्साहात प्रथमोपचाराची पिशवी, प्रत्येकाची स्वतंत्र हेडटॉर्च आणि ओआरएसची पाकिटे कापली जातात. या तिन्ही मिळून अर्ध्या किलोच्या आत बसतात आणि त्यांना हात लावू नये. खडकाळ भागात फुरसे आणि घोणस आढळतात. दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलणार नाही असा आधार देऊन रुग्णाला शक्यतो न चालवता खाली आणावे, १०८ ला फोन करावा आणि प्रतिविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. म्हणून सकाळी पायथ्यापासून गाडीरस्ता किती दूर आहे आणि मोबाइलला रेंज कोठे मिळते, हे दोघांनाही माहीत असले पाहिजे. कड्यांवर आग्या मोहोळ असते, त्याच्या खाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा पूर्ण टाळावा.

एवढ्या सर्वांचा हिशेब असा येतो. सॅक, स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, कपडे, आपल्या वाट्याची भांडी किंवा दोरी, टॉर्च, पॉवर बँक, औषधे आणि किरकोळ वस्तू मिळून सहा किलोंच्या आसपास. दोन दिवसांचे अन्न सव्वा किलो. तीन लिटर पाणी तीन किलो. म्हणजे निघताना सुमारे सव्वादहा किलो, आणि जेथे पाच लिटर पाणी उचलावे लागेल त्या एका संध्याकाळी बारा किलो. आपले वजन साठ किलोंच्या आसपास असेल, तर हे एक-पंचमांश होते आणि निरोगी माणसाला ते पेलते. पॉवर बँक दहा हजार एमएएचची एकच घ्या, कारण गडावर चार्जिंग होणार आहे.

शरीराच्या तयारीसाठी आपल्या हाताशी उत्तम जागा आहेत. पुढील सहा आठवडे आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्या पाठीवर सॅक घेऊन चढा. सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या बाटल्याच भरा. सुरुवातीला चार लिटर, मग दर आठवड्याला एक-एक लिटर वाढवत न्या आणि पहिले काही आठवडे वर पोहोचल्यावर ते पाणी झाडांना घालून रिकाम्या सॅकने उतरा. चढताना दमसास वाढतो आणि उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. चौथ्या आठवड्यापासून मात्र निम्मे वजन घेऊन उतरायला सुरुवात करावी, कारण उतरण्याची ताकद उतरल्यानेच येते. निघण्याच्या दोन आठवडे आधी नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर संपूर्ण सॅक घेऊन एक दिवस घालवा. त्या दिवशी जी वस्तू बाहेर काढलीच नाही, ती औषधे आणि पावसाची सोय सोडून घरी ठेवता येईल का, हे पाहा. गुडघे तेव्हाही दुखले, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ट्रेक जानेवारीत न्या. जानेवारीअखेरपर्यंत हवा चांगली असते आणि मोठ्या टाक्यांत पाणीही सहसा असते.

डिसेंबर आपण योग्यच निवडला आहे. नवरात्रात आणि चैत्रातील यात्रेच्या वेळी गडावर भाविकांची अलोट गर्दी असते, तेव्हा मुक्कामाची सोय मिळणे कठीण होते. शेवटच्या दिवशी धोडपवरून हट्टीला उतरून वडाळीभोईला मुंबई-आग्रा महामार्ग गाठला की नाशिकची बस मिळते. फक्त दुपारी तीनपर्यंत हट्टीत पोहोचाल असे सकाळचे निघणे ठेवा. आपल्या दोघांची वजने आणि सध्याच्या सॅकचे, स्लीपिंग बॅगेचे काट्यावरचे वजन कळवलेत, तर यादीतील नेमके काय काढता येईल ते मी सांगू शकेन.